छातीतल्या कळेपासून स्टेंटच्या फाइलपर्यंत: कुठे धावायचे आणि कुठे थांबायचे

हृदयविकाराच्या रुग्णांच्या बाबतीत एक विचित्र उलटापालट मी तालुक्याच्या गावी वैद्यकी करताना वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. छातीत जोराची कळ येऊन माणूस घामाने निथळत असतो, तेव्हा घरातली मंडळी ओवा चावायला देतात, सोडा पाजतात आणि 'पित्त असेल, सकाळी बघू' म्हणून त्याला पडवीत निजवतात. दुसऱ्या एखाद्या घरात मात्र चढ चढताना छाती भरून येते एवढ्याच तक्रारीवरून अँजिओग्राफी (रंगद्रव्य सोडून काढलेले हृदयाच्या वाहिन्यांचे चित्र) होते, रुग्ण टेबलावर आडवा असतानाच बाहेर बसलेल्या मुलाला ब्लॉकेजचा, म्हणजे वाहिनीतल्या अडथळ्याचा, आकडा सांगितला जातो आणि तो दहा मिनिटांत स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवण्याच्या संमतिपत्रावर सही करून मोकळा होतो. पहिल्या घरात मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत होता. दुसऱ्या घराकडे विचार करायला बहुधा काही आठवडे होते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत निदानाची आणि उपचारांची साधने विलक्षण सुधारली आहेत, पण त्यांचा लाभ पदरात पडायचा असेल तर आपण यांपैकी कोणत्या वाटेवर आहोत हे आधी ओळखावे लागते. पुढचे टप्पे त्या ओळखीच्या क्रमाने मांडले आहेत.

पहिला टप्पा: कळ आली त्या दहा मिनिटांत

छातीच्या मध्यभागी कोणी दगड ठेवल्यासारखे किंवा आतून आवळल्यासारखे वाटणे, ती कळ डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम येणे, मळमळणे आणि दम लागणे, यांपैकी काहीही विसाव्यानंतरही दहा-पंधरा मिनिटांत ओसरत नसेल, तर तो झटका आहे असे धरूनच चालावे. मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रिया यांच्यात छाती न दुखता नुसता दम लागतो, पोटाच्या वरच्या भागात जळजळते किंवा एकाएकी गळून गेल्यासारखे होते, आणि फसगत बहुधा इथेच होते. वयाकडे पाहून निश्चिंत राहू नये. बावन्न देशांतील रुग्णांचा अभ्यास करणाऱ्या 'इंटरहार्ट' या संशोधनात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आल्याचे, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी आल्याचे आढळले होते.

रुग्णाला चालवू नका, जिने चढवू नका आणि स्वतः दुचाकी चालवत दवाखान्यात तर मुळीच येऊ देऊ नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. तिला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या चारचाकीतून निघा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात अल्सरचा रक्तस्राव झालेला नसेल आणि लक्षणे अर्धांगवायूची नसतील, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. गोळी चावायची ती एवढ्यासाठी, की अख्खी गिळलेली आणि त्यातून आवरण असलेली गोळी रक्तात उतरायला बराच वेळ घेते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत एकट्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटवले होते. जवळजवळ फुकट मिळणाऱ्या गोळीची ही कामगिरी मला आजही थक्क करते.

जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटबाबत मात्र सावध राहावे. गावोगावी लोक ती खिशात बाळगतात आणि शेजाऱ्यालाही देतात. हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका बसलेला असेल, रक्तदाब आधीच उतरलेला असेल किंवा रुग्णाने लैंगिक दुर्बलतेवरची गोळी घेतलेली असेल, तर या गोळीने रक्तदाब एकदम कोसळतो. डॉक्टरांनी ज्याला लिहून दिली आहे त्यानेच, तीही बसून घ्यावी. मोबाइलवर फिरणारा 'जोरजोराने खोकत राहा' हा सल्ला सरळ विसरावा. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नसला आणि नीट श्वास घेत नसला, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे आणि मदत पोहोचेपर्यंत थांबू नये.

दुसरा टप्पा: ईसीजी, आणि पुन्हा ईसीजी

मोठ्या शहरातले रुग्णालय गाठण्याच्या नादात वाटेवरचे ग्रामीण रुग्णालय टाळू नका. पहिले काम ईसीजीचे, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरी कागदावर उमटवण्याचे, असते आणि रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत तो निघायला हवा, असा जगभरचा दंडक आहे. विल्लेम आइन्थोवेनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र सिद्ध केले, तेव्हा रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. आज छातीला सहा चकत्या, हातापायांना चार चिमटे आणि थोडी जेली एवढ्यावर काम होते. झटक्याची पहिली आणि सर्वांत निकडीची साक्ष मात्र अजूनही याच कागदावर उमटते.

एक प्रसंग नेहमी आठवतो. साधारण पंचेचाळिशीतला एक शेतकरी 'पोटात आग पडलीय' म्हणत आला. गुलाबी चौकटींच्या कागदावरची पहिली पट्टी जवळपास निर्दोष होती. त्याला घरी सोडण्याचा मोह मलाही झाला, पण त्याच्या कपाळावरचा घाम पुसला तरी पुन्हा येत होता, म्हणून त्याला तसाच झोपवून ठेवले. वीस मिनिटांनी काढलेल्या दुसऱ्या पट्टीत दोन, तीन आणि एव्हीएफ या तीन लीडमधली (हृदयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहणाऱ्या नोंदींमधली) रेषा दोन लहान चौकटींइतकी वर उचलली गेली होती. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडली होती आणि त्या भिंतीची वेदना पित्तासारखीच वाटते. म्हणून नातेवाईकांनी विनासंकोच विचारावे: 'पहिला ईसीजी चांगला आहे, पण दुखणे थांबलेले नाही, तर दुसरा कधी काढणार?' खालच्या भिंतीचा झटका दिसल्यास छातीच्या उजव्या बाजूच्या लीड आणि मागच्या बाजूचा संशय असल्यास पाठीवरच्या लीडही काढल्या जातात. त्यांना वेगळे यंत्र लागत नाही, फक्त चकत्यांची जागा बदलते.

ईसीजीत रेषा उचललेली नसेल तर प्रश्न ट्रोपोनिनकडे जातो. हृदयाच्या पेशी दुखावल्या की हे प्रथिन रक्तात गळते. जुन्या चाचणीत ते दिसायला तीन-चार तास किंवा त्याहून अधिक लागत. आताच्या अतिसंवेदनशील चाचणीमुळे एक ते तीन तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांवर बहुतेक रुग्णांचा निर्णय होतो. महत्त्वाचा असतो तो दोन आकड्यांमधला फरक. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात ट्रोपोनिन कायमच थोडे चढलेले राहते, तर झटक्यात ते चढते आणि मग उतरते. दुखणे सुरू होऊन अर्धा तासही झाला नसताना काढलेला एकच निर्दोष अहवाल हातात देऊन कोणी घरी जायला सांगत असेल, तर दुसऱ्या नमुन्यासाठी थांबण्याचा आग्रह धरावा. याउलट ईसीजीवर झटका स्पष्ट दिसत असेल, तर ट्रोपोनिनच्या अहवालासाठी एक मिनिटही दवडू नये.

तिसरा टप्पा: इंजेक्शन की कॅथलॅब

वाहिनी पूर्ण बंद असल्याचे ईसीजीवर दिसले की ती उघडण्याचे दोन मार्ग असतात. पहिला, कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, नेऊन फुग्याने आणि स्टेंटने ती ताबडतोब मोकळी करणे. दुसरा, शिरेतून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे. निदानापासून दोन तासांच्या आत फुगा वाहिनीत पोहोचणार असेल तर पहिला मार्ग सरस आहे. पोहोचणार नसेल, आणि दुखणे सुरू होऊन बारा तास उलटलेले नसतील, तर आहे त्या ठिकाणी इंजेक्शन घेऊन मगच पुढे निघणे शहाणपणाचे असते. त्यातही पहिल्या तीन तासांत दिलेल्या इंजेक्शनाचा गुण मोठा.

हा हिशेब कागदावर सोपा वाटतो, प्रत्यक्षात मात्र तो आपल्याकडे हटकून चुकतो. दुर्गम तालुक्यातून नागपूर किंवा पुणे गाठायचे ठरते, 'तिथे सगळे करतील' म्हणून इंजेक्शन न देताच गाडी निघते, घाटात अडकते, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर खाट, ठेव आणि तज्ज्ञ या क्रमाने आणखी तासभर जातो. जुनी स्ट्रेप्टोकायनेज तासभर ठिबकातून द्यावी लागे. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे मोजून काही सेकंदांत एकदाच देतात, त्यामुळे लहान रुग्णालयातही ते देता येते. आधी मेंदूत रक्तस्राव झालेला असल्यास, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली असल्यास किंवा रक्तदाब फार चढलेला असल्यास ते देता येत नाही, म्हणून डॉक्टर विचारतील त्या प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे. इंजेक्शन लागू पडले तरी काम संपत नाही. पुढच्या तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी, आणि दीड तासात वेदना व ईसीजी सुधारले नाहीत तर त्याहूनही आधी.

गोव्याने या बाबतीत अनुकरणीय काम केले आहे. डिसेंबर २०१८पासून तिथल्या लहान सरकारी रुग्णालयांत काढलेला ईसीजी इंटरनेटवरून तज्ज्ञांपर्यंत जातो, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जागेवरच मोफत दिले जाते आणि रुग्ण मग बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवला जातो. सिंधुदुर्गातले कितीतरी रुग्ण आजही बांबोळीची वाट धरतात, त्यामुळे या व्यवस्थेची माहिती तळकोकणातल्या घरोघरी असायला हवी.

चौथा टप्पा: झटका नाही, पण चढावर छाती भरते

आता दुसरी वाट. चढ चढताना, जेवून लगेच चालताना किंवा गार वाऱ्यात छाती आवळते आणि थांबल्यावर दोन-पाच मिनिटांत मोकळी होते, महिनोन्‌महिने हे प्रमाण बदलत नाही, अशा दुखण्याला स्थिर अंजायना म्हणतात. मात्र ते अलीकडेच सुरू झाले असेल, थोड्याशा श्रमानेही होऊ लागले असेल किंवा बसल्या जागी येत असेल, तर ते स्थिर राहिलेले नसते आणि माणूस पुन्हा पहिल्या वाटेवर आलेला असतो.

इथे पहिली पायरी यंत्राची नसून तपशिलाची आहे. किती पावले चालल्यावर दुखते, कुठे दुखते आणि काय केल्यावर थांबते, हे आठवडाभर वहीत लिहून आणणारा रुग्ण मला दहा अहवालांपेक्षा अधिक सांगून जातो. त्यानंतर रक्तदाब, ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, चरबीचे प्रमाण, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि थायरॉइड. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा जोर असला तरी छाती भरू शकते आणि त्याचा इलाज वेगळा असतो. इकोत हृदयाचे आकुंचन आणि झडपा दिसतात, वाहिन्यांतले ब्लॉकेज दिसत नाही. 'इको चांगला आहे म्हणजे ब्लॉकेज नाही' हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

पट्ट्यावर चालवून केलेली स्ट्रेस टेस्ट स्वस्त आहे, सर्वत्र मिळते, पण खरे ब्लॉकेज असूनही ती निर्दोष येण्याचे प्रमाण थोडेथोडके नाही, आणि स्त्रियांमध्ये विनाकारण सदोष येण्याचेही. रुग्णाला किती दम आहे हे मात्र ती उत्तम सांगते. ब्लॉकेजची शक्यता ना फार कमी ना फार जास्त अशा रुग्णांसाठी आता सीटी अँजिओग्राफी हे खरे पाऊल झाले आहे. स्कॉटलंडमधल्या सुमारे ४,१०० रुग्णांच्या 'स्कॉट-हार्ट' चाचणीत नेहमीच्या तपासणीला सीटी जोडलेल्या गटात पाच वर्षांत झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू २.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के होते. हा फरक जादा स्टेंट बसवल्याने पडलेला नव्हता. ज्यांच्या वाहिन्यांत चरबीचे थर दिसले, त्यांना योग्य औषधे वेळेवर सुरू झाली, हे त्याचे मोठे कारण मानले जाते.

सीटीला जाताना क्रिएटिनिनचा अहवाल बरोबर असावा आणि मधुमेहाच्या गोळ्यांविषयी, विशेषतः मेटफॉर्मिनविषयी, आधी विचारून घ्यावे. नाडी साठच्या आसपास यावी म्हणून तासभर आधी गोळी देतात, कारण हलणाऱ्या हृदयाचे चित्र पुसट येते. रंगद्रव्य शिरेत गेल्यावर सर्वांगातून, विशेषतः कमरेखाली, गरम लाट गेल्यासारखी वाटते. कपडे ओले झाले की काय असे वाटून माणसे दचकतात, पण ती अर्ध्या मिनिटात ओसरते. तेवढ्यात श्वास रोखून धरला की काम झाले. सीटी निर्दोष आली तर वाहिन्यांत मोठा अडथळा नाही असे बऱ्याच खात्रीने सांगता येते. वाहिन्यांत चुना फार साठलेला असेल तर मात्र ती अडथळा असतो त्यापेक्षा मोठा दाखवते. कसलाही त्रास नसलेल्या तिशीतल्या माणसाने 'पॅकेज'मध्ये आहे म्हणून ही तपासणी करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्लॉकेज दिसले, पण त्याने हृदयाचा रक्तपुरवठा खरोखर घटतो का, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी स्ट्रेस इको, किरणोत्सारी औषध देऊन केलेला पर्फ्यूजन स्कॅन किंवा स्ट्रेस एमआरआय असतो. शहरात यांपैकी जे चांगले केले जाते ते करावे.

पाचवा टप्पा: अँजिओग्राफीच्या टेबलावर

मेसन सोन्सने १९५८ साली क्लीव्हलँडमध्ये अपघातानेच थेट हृदयाच्या वाहिनीत रंगद्रव्य सोडले आणि अँजिओग्राफीचा जन्म झाला. पुढे आंद्रेआस ग्रुंट्झिगने १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये पहिल्यांदा फुग्याने ती वाहिनी रुंदावली. तेव्हा नळी जांघेतून जाई आणि रुग्णाला तासन्‌तास पाय न हलवता पडून राहावे लागे. आज बहुतेक ठिकाणी मनगटातून जातात. मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी पाहतो तिथे, बारीक सुईने भूल देतात, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीची नळी सरकवतात आणि काम झाल्यावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा बांधतात. काही तासांत हवा थोडी थोडी काढून तो सोडतात. त्या हाताने दोन-चार दिवस बादली उचलू नये, एवढेच पथ्य.

टेबलावर असताना येणाऱ्या 'आताच स्टेंट घालू का?' या प्रश्नाची तयारी आदल्या दिवशीच करावी. आत जाण्यापूर्वी लेखी किंवा तोंडी ठरवून घ्यावे: 'रुग्ण स्थिर आहे. आधी फक्त अँजिओग्राफी करा, चित्र दाखवा, मग बोलू.' झटका चालू असेल तर अर्थातच असे करू नये. एका रुग्णाच्या भावाला काचेपलीकडे बोलावून 'सत्तर टक्के आहे, टाइम बॉम्ब आहे' असे सांगण्यात आले होते. त्याने घाबरून सही केली आणि नंतर महिनाभर त्याच प्रश्नाने त्याला झोप नव्हती. सत्तर हा आकडा बहुधा डोळ्यांचा अंदाज असतो. दोन अनुभवी डॉक्टर तेच चित्र पाहून साठ आणि ऐंशी म्हणू शकतात.

हा अंदाज मोजून पाहण्याचे साधन उपलब्ध आहे. केसासारख्या तारेच्या टोकावर दाबमापक बसवून अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतात. त्यांचे गुणोत्तर, म्हणजे एफएफआर, ०.८० किंवा त्याहून कमी असेल तर अडथळा रक्तपुरवठा खरोखर घटवतो असे मानतात. त्याहून अधिक असेल तर स्टेंट न घालता औषधांवर राहणे सुरक्षित असल्याचे २००९च्या 'फेम' चाचणीने दाखवले. स्टेंट घालायचाच असेल आणि जागा अवघड असेल, उदाहरणार्थ मुख्य वाहिनीच्या मुळाशी, फाट्यावर किंवा लांबलचक अडथळ्यात, तर वाहिनीच्या आतून सोनोग्राफी (आयव्हस) किंवा प्रकाशाने चित्र (ओसीटी) घेऊन स्टेंट पूर्ण फुलला आहे ना हे तपासावे. अशा अवघड जागांत आतून चित्र पाहून केलेल्या कामाचा निकाल चांगला लागतो, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी पक्के केले. 'आयव्हस किंवा ओसीटी वापरणार का?' एवढा एक प्रश्न विचारला तरी डॉक्टरांना कळते की घरच्यांनी अभ्यास केला आहे. वाहिनीत दगडासारखा चुना असेल तर हिऱ्याच्या कणांचे फिरते टोक किंवा मूतखडा फोडतात तशा ध्वनिलहरींचा फुगा वापरून तो आधी फोडतात आणि मगच स्टेंट बसवतात.

सहावा टप्पा: गोळ्या, स्टेंट की बायपास

स्थिर अंजायनाच्या रुग्णांसाठी सर्वांत उपयोगी पुरावा 'इस्किमिया' या चाचणीचा आहे. तिचे निष्कर्ष २०१९च्या अखेरीस जाहीर झाले. ५,१७९ रुग्णांपैकी निम्म्यांना चांगली औषधे आणि गरज पडली तरच हस्तक्षेप, तर निम्म्यांना औषधांबरोबर सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि त्यानुसार स्टेंट किंवा बायपास (अडथळ्याला वळसा घालून दुसरी वाहिनी जोडण्याची शस्त्रक्रिया) असे ठरवले गेले. सुमारे सव्वातीन वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू किंवा झटक्याच्या एकंदर प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. छातीचे दुखणे मात्र हस्तक्षेप झालेल्यांचे अधिक कमी झाले, विशेषतः ज्यांना ते वारंवार होत असे. याचा अर्थ असा, की स्थिर रुग्णाने स्टेंट घ्यावा तो मुख्यतः त्रास कमी होण्यासाठी, आणि औषधांनी त्रास आटोक्यात असेल तर थांबण्यात धोका पत्करल्यासारखे होत नाही. ही मुभा सर्वांना नाही. डाव्या मुख्य वाहिनीतला मोठा अडथळा, हृदयाचे आकुंचन ३५ टक्क्यांखाली गेलेले असणे आणि नुकताच आलेला झटका असे रुग्ण त्या चाचणीत घेतलेलेच नव्हते.

मधुमेह आहे आणि तीनही वाहिन्यांत अडथळे आहेत, अशा रुग्णाने 'छाती उघडायला नको' या भीतीपोटी चार-पाच स्टेंट स्वीकारण्याआधी हृदयशल्यविशारदाचे मत घ्यावेच. २०१२च्या 'फ्रीडम' चाचणीत अशा रुग्णांत पाच वर्षांत मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण बायपासनंतर १८.७ टक्के, तर स्टेंटनंतर २६.६ टक्के होते. पक्षाघात तेवढा बायपासच्या गटात थोडा जास्त होता. बायपासमध्ये छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी जोडली तर ती दहा वर्षांनंतरही बहुतेकांत उघडी राहते, पायाची शीर तितकी टिकत नाही. कोणती वाहिनी कशाने जोडणार, हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारायला हरकत नसावी.

पैशांचा हिशेब

फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. लाखाच्या घरात विकला जाणारा औषधी थराचा स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आला. मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून त्या दिवशीचा दर पाहावा आणि बिलात स्टेंटची किंमत, कंपनी व बॅच क्रमांक वेगळे लिहून घ्यावेत. फुगे, तारा आणि नळ्या यांवरची आकारणी मात्र वेगळी असते आणि बिल फुगते ते तिथे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी (फुग्याने आणि स्टेंटने वाहिनी उघडणे) आणि बायपास दोन्ही येतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार दाखवून मंजुरी दाखल होतानाच मागावी, सुटीच्या दिवशी बिल हातात आल्यावर नव्हे.

सातवा टप्पा: घरी आल्यावर

झटक्यानंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, साधारणपणे वर्षभर चालतात. स्थिर रुग्णात बसवलेल्या स्टेंटनंतर बहुधा सहा महिने. त्या मधेच बंद केल्यास स्टेंटमध्ये एकाएकी गुठळी होऊ शकते आणि तो झटका फार घातक असतो. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यायची असते आणि काहींना तिने दम लागल्यासारखे वाटते. तसे झाले तर स्वतः बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी 'उपास आहे' म्हणून गोळ्या टाळणारे माझ्याकडे दरवर्षी येतात. पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपास मोडत नाही, असे मी घरातल्या आजींच्या तोंडून वदवून घेतो, तेव्हा ते पटते.

एलडीएल, म्हणजे वाईट चरबी, आता ५५ मिलिग्रॅमच्या खाली आणण्याचे लक्ष्य असते. अहवालावर 'शंभरपर्यंत नॉर्मल' छापलेले असले तरी ते झटका न आलेल्यांसाठी आहे. अधिक मात्रेत ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. लक्ष्य गाठले नाही तर इझेटिमाइब जोडतात, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर इंजेक्शने आहेत: काही दर पंधरवड्याला, तर इन्क्लिसिरान सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर सहा महिन्यांतून एकदा. आकडा उतरला म्हणून गोळी थांबवायची नसते. तो गोळीमुळेच उतरलेला असतो. लायपोप्रोटीन-ए या आनुवंशिक चरबीची चाचणी आयुष्यात एकदा करावी, आणि ती चढलेली असेल तर भावंडांनी व मुलांनीही.

हृदय कमकुवत झाले असेल तर गेल्या दहा-बारा वर्षांत औषधांचे चित्र पार बदलले आहे. सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन गटातली गोळी आणि मुळात मधुमेहासाठी आलेली डापाग्लिफ्लोझिन यांची चौकडी कमी मात्रेत लवकर सुरू करून हळूहळू वाढवतात. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपल्यावर तिची किंमत खूप उतरली. आकुंचन सुधारले की नाही हे सुमारे तीन महिन्यांनी इकोत पाहतात.

तंबाखूबद्दल विचारताना 'सिगारेट ओढता का?' एवढ्यावर थांबू नये. बायाबापड्या दातांना लावतात ती मिश्री, चुना लावून मळलेली तंबाखू आणि गुटखा यांनीही नाडी आणि रक्तदाब चढतो, आणि ही सवय विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पायांकडेही पाहा

हृदयाच्या वाहिन्यांत जे साठते तेच पायांच्या वाहिन्यांतही साठते. शंभर-दोनशे पावलांत पोटरी आवळून येते आणि उभे राहिल्यावर सुटते, पायाच्या बोटांवरचे केस गळतात, जखम भरत नाही, ही त्याची चिन्हे होत. तपासणी अगदी साधी आहे: घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचे. दंडाचा १४० आणि घोट्याचा ९० असेल तर गुणोत्तर ०.६४ येते, ०.९ किंवा त्याखाली म्हणजे अडथळा. जुन्या मधुमेहात वाहिन्या चुन्याने कडक झाल्याने हा आकडा खोटा चढतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाब किंवा डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) पाहावे लागते. अशा रुग्णांचा पहिला इलाज चालणे हाच आहे. दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे, असे रोज अर्धा-पाऊण तास. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर पडला तर मात्र ती पहिली वाट आहे. सहा तासांत वाहिनी उघडली नाही तर पाय गमावण्याची वेळ येते.

फाइल

शेवटी एक जाडसर फाइल करा. डिस्चार्ज कार्ड, झटक्याच्या दिवशीचा ईसीजी (त्याची छायाप्रतही काढावी, कारण उष्णतेवर छापणारा कागद वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो), इकोचे अहवाल, स्टेंटचे चिकटपट्टीचे लेबल आणि अँजिओग्राफीची सीडी किंवा पेन ड्राइव्ह. दुसरे मत घ्यायला गेल्यावर लोक टाइप केलेला अहवाल पुढे करतात, पण नवा डॉक्टर आधी चित्रच मागतो. स्टेंटच्या लेबलवरचा व्यास, लांबी आणि तारीख यांचा मोबाइलने फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवावा. दात काढायला, मोतीबिंदूसाठी किंवा एमआरआयला गेल्यावर पहिला प्रश्न त्याचाच येतो, आणि 'रक्ताची गोळी चार दिवस बंद करून या' असे तिथे कोणी म्हटले, तर बंद करण्याआधी त्याच फोटोसह हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायचा असतो.